भरण आणि अंश

जुन्या एकत्र कुटुंबांतून एखादी खोली अशी असे की तीत राहणाऱ्या माणसाला कोणी काही विचारीत नसे. तेथे वेळेवर ताट जाई, दसरा-दिवाळीला नवे वस्त्र जाई, दुखणे आले तर वैद्य जाई. पण घरात सोयरीक ठरावयाची असो वा शेताचा तुकडा विकावयाचा असो, त्या खोलीच्या उंबरठ्याशी जाऊन ‘तुमचे काय मत?’ असे म्हणण्याची रीत नव्हती. आत राहणारा कोणाचा तरी पाय गेलेला काका असे, नाही तर लहानपणीच्या तापात दृष्टी गमावलेली आत्या. त्या घरची माणसे निर्दय नव्हती. शास्त्राने जेवढे सांगितले तेवढे ती निष्ठेने पाळीत होती. त्या शास्त्राचा निर्णय प्रथम पाहिला पाहिजे. कारण जयपूरच्या ज्या कन्येच्या चरित्राचा अभ्यास ह्या लेखात करावयाचा आहे, तिच्या आयुष्याचे मुख्य वळण त्या निर्णयातील दोन शब्दांवाचून नीट कळणार नाही.

दायविभागाच्या प्रकरणात याज्ञवल्क्यस्मृतीने पंगू, अंध, असाध्य रोगाने ग्रस्त इत्यादी व्यक्तींविषयी हे दोन शब्द योजिले आहेत. एक ‘भर्तव्य’ आणि दुसरा ‘निरंशक’. ज्याचे भरणपोषण कुटुंबाने केलेच पाहिजे तो भर्तव्य. वडिलोपार्जित धनात ज्याला अंश, म्हणजे वाटा नाही, तो निरंशक. मनुस्मृतीचाही अभिप्राय हाच असून अशा व्यक्तीला अन्नवस्त्र न देणारा पतित होतो असे तीत म्हटले आहे. मिताक्षराकार विज्ञानेश्वराची न्यायबुद्धी सूक्ष्म होती. औषधोपचाराने दोष नाहीसा झाला तर वाटणी होऊन गेल्यावरही त्याचा भाग त्याला द्यावा, त्याचे पुत्र निर्दोष असतील तर त्यांना वाटा मिळावा, अशी व्यवस्था त्याने लावून दिली. तरी मूळची रेषा राहिलीच. पोटाला मिळेल, वाट्याला काही येणार नाही. त्यामागील कारणांची चर्चा टीकाग्रंथांत पुष्कळ आहे. तिच्यात येथे शिरावयाचे नाही.

ही रेषा कायद्याने पुसावयास बराच काळ लागला. १९२८ साली एका कायद्याने ती बहुतांशी पुसली, आणि १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या अठ्ठाविसाव्या कलमाने रोग, व्यंग किंवा विद्रूपता ह्या कारणावरून कोणाचाही वारसाहक्क जाणार नाही असे स्पष्ट ठरविले. परंतु अंश म्हणजे केवळ जमीनजुमला नव्हे. घरातील इतर मुलांच्या वाट्याला शाळा येते, मैदान येते, चुकण्याची मुभा येते, हरून रडत घरी येण्याचा प्रसंग येतो, मोठेपणी चरितार्थाचा उद्योग येतो. ज्या मुलाला चालता येत नाही त्याच्या वाट्याला ह्यांपैकी काय येते, हे कोणत्याही न्यायालयात विचारले जात नाही. ते घरातच ठरते.

गीतेच्या वाचकाला ह्या संदर्भात एका व्यक्तीचे स्मरण झाल्यावाचून राहणार नाही. गीतेचा पहिला प्रश्न ज्याच्या मुखातून निघतो तो धृतराष्ट्र ज्येष्ठ होता. पण अंध म्हणून राज्य पांडूकडे गेले. पुढे ते त्याच्या हाती आले, तरी हक्काचे डावलले गेल्याचे शल्य त्याच्या मनातून गेले नाही, आणि स्वतःला जे नाकारले गेले ते पुत्राला मिळावे ह्या मोहात त्याने कुळाचा नाश होऊ दिला. त्याच्या दोषांचे समर्थन करण्याचा येथे हेतू नाही. विदुराने त्याला पुरेसे सांगितले होते. तथापि ज्याचे सर्व काही केले जाते पण ज्याला मुख्य वाटा दिला जात नाही, अशा माणसाच्या अंतःकरणात काय साचत जाते, हे महाभारतकारांनी पाहिले होते एवढे मान्य करावे लागेल.

आता जयपूरकडे वळू.

अवनी लेखरा हिचा जन्म ८ नोव्हेंबर २००१ रोजी जयपूर येथे झाला. घर सुशिक्षित, वडील सरकारी नोकरीत. २०१२ साली, ती दहा वर्षांची असताना, कुटुंब मोटारीने जयपूरहून धौलपूरकडे जात असता अपघात झाला आणि तिच्या मज्जारज्जूला इजा झाली. मज्जारज्जू म्हणजे पाठीच्या कण्यातून जाणारी ती दोरी, जिच्यावाटे मेंदूची आज्ञा अवयवांना पोहोचते आणि अवयवांची संवेदना मेंदूला पोहोचते. हाड मोडले तर सांधते, कातडी फाटली तर भरून येते. ही दोरी मात्र एकदा तुटली की आजच्या वैद्यकालाही ती पूर्ववत जोडता येत नाही. कमरेखालचे शरीर लुळे पडले. पाय आहेत, रक्त वाहते आहे, पण त्यांना हाक ऐकू जात नाही, अशी ती अवस्था.

ज्या जयपूरने जगाला ‘जयपूर फूट’ दिला त्याच नगरीत हे घडले, ह्याचाही विचार मनात येतो. रामचंद्र शर्मा ह्या कारागिराच्या हातांतून आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांच्या वैद्यकज्ञानातून तेथील सवाई मानसिंह रुग्णालयात तो कृत्रिम पाय निर्माण झाला. तो घालून शेतकरी चिखलात उभा राहू शकतो, मांडी घालून जेवावयास बसू शकतो. परंतु पाय तुटलेल्यालाच त्याचा उपयोग. ज्याचा पाय जागच्या जागी असून आज्ञा ऐकत नाही, त्याला तो घालून काय होणार? तेथे चाकांची खुर्चीच लागते.

अपघातानंतरच्या काळाविषयी तिच्या वडिलांनी पुढे जे सांगितले त्याचा आशय असा की मुलगी रागावलेली असे आणि कोणाशी फारसे बोलत नसे. हा राग वाचकांनी हलक्याने घेऊ नये. आपल्याकडे आजारी मुलाने गोड असावे अशी अपेक्षा असते. ते कृतज्ञ असावे, सोसणारे असावे, भेटीस आलेल्यांनी डोळ्यांना पदर लावला तर त्यांचेच सांत्वन करणारे असावे. दहा वर्षांच्या मुलीचे धावणे एका क्षणात संपले असता तिने गोड का असावे? तिचा राग ही तिच्यात अजून मागणी शिल्लक असल्याची खूण होती. मागणे सोडलेली मुले शांत असतात, आणि घरातील मोठ्यांना ती शांतता सोयीची वाटते.

येथे वडिलांनी जे केले ते प्रत्येक गृहस्थाने ध्यानात घेण्यासारखे आहे. त्यांनी तिची शुश्रूषा केलीच, पण तेवढ्यावर ते थांबले नाहीत. २०१५ साली ते तिला खेळाच्या मैदानावर घेऊन गेले. प्रथम धनुर्विद्या करून पाहिली. नंतर जगतपुऱ्यातील नेमबाजीच्या मैदानावर तिने रायफल हाती घेतली आणि तिचे मन तेथे रमले. बीजिंगच्या २००८ च्या ऑलिंपिकमध्ये दहा मीटर एअर रायफल प्रकारात सुवर्णपदक मिळविणारे अभिनव बिंद्रा यांचे आत्मचरित्र वडिलांनी तिला वाचावयास दिले होते. त्याने ती ओढ पक्की झाली. आपल्या शय्येवरच्या मुलीच्या हाती कोणता ग्रंथ द्यावा असा प्रश्न आपल्यापुढे आला असता तर आपल्यापैकी बहुतेकांनी धीर देणारे, सोसावयास शिकविणारे पुस्तक दिले असते. ह्या गृहस्थाने जिंकण्याच्या हट्टाचे पुस्तक दिले.

जगतपुरा ही जयपूरच्या दक्षिण-पूर्वेची, वाढत चाललेली वस्ती. तेथील नेमबाजीचे मैदान नगरीच्या विकास प्राधिकरणाने उभारलेले. अशी ठिकाणे सार्वजनिक पैशाने बांधली जातात तेव्हा त्यांचा उपयोग कोणाला होईल हे कोणीच सांगू शकत नाही. विहीर खणणाऱ्याला तिचे पाणी पुढे कोण पिणार हे कोठे ठाऊक असते? वृत्तपत्रांतून असे प्रसिद्ध झाले की ह्या मुलीने पहिली राज्यस्पर्धा उसन्या रायफलने जिंकली. घरात साधन नव्हते. मैदान होते, शिकविणारे होते आणि एक रायफल कोणीतरी देऊ केली. एवढ्यावर आरंभ झाला.

ही विद्या काय आहे, हे थोडे समजून घेतले पाहिजे; नाहीतर पुढील आकड्यांना अर्थ राहणार नाही. दहा मीटर अंतरावर लक्ष्य असते. त्याच्या मध्यभागीचा दहा गुणांचा ठिपका अर्धा मिलिमीटर व्यासाचा असतो, म्हणजे लेखणीच्या टोकाने दिलेल्या अनुस्वाराएवढा. छर्रा साडेचार मिलिमीटर जाडीचा. रायफल साडेपाच किलोपर्यंत वजनाची असू शकते. अंतिम फेरीत गुण दशांशात मोजतात. अचूक मध्य साधला तर १०.९, त्याहून केसभर सरकला की १०.८, १०.७, असे उतरत जाते. दहा गुण मिळाले तर आपण ‘उत्तम’ म्हणू. ह्या फेरीत नुसत्या दहाने माणूस मागे पडतो.

अवनीचा मुख्य प्रकार ‘उभ्याने’ नेम धरण्याचा म्हणून ओळखला जातो. ज्यांना उभे राहता येत नाही ते तो खुर्चीत बसून करतात. पण कोपराला कशाचाही आधार घेता येत नाही. धडाचा तोल कोणाला किती सांभाळता येतो हे तपासून खुर्चीच्या पाठीची उंची ठरविली जाते. दोन पायांवर उभा असलेला नेमबाज आपले शरीर खालून वर रचीत नेतो. तळवे, गुडघे, नितंबाचे हाड, त्यावर टेकलेला कोपर आणि कोपरावर रायफल, असा तो मनोरा असतो. ज्याच्या कमरेखाली संवेदनाच नाही त्याच्या मनोऱ्याचा पायाच काढून घेतलेला असतो. त्याने खांदे, मान आणि पाठीचा जो भाग हाती उरला आहे त्यांच्यावर सारी स्थिरता तोलून धरावयाची. श्वास चालू असतो, हृदयाचे ठोके चालू असतात, आणि प्रत्येक ठोक्याबरोबर नळीचे टोक हलते. दोन ठोक्यांच्या मधल्या सांदीत घोडा दाबला गेला पाहिजे.

मन वाऱ्यासारखे चंचल असून त्याला आवरणे कठीण आहे, अशी तक्रार अर्जुनाने सहाव्या अध्यायात केली. भगवंतांनी ती खोटी ठरविली नाही. ‘होय, कठीण आहे’ असे मान्य करूनच त्यांनी अभ्यासाचा उपाय सांगितला. भाषांतराचे काम करणाऱ्याला त्या संवादातील हा होकार फार मोलाचा वाटतो, कारण पुष्कळ निरूपणांत तो गळून जातो. अभ्यास म्हणजे एकच गोष्ट पुनःपुन्हा करणे, आणि करताना ती कंटाळवाणी आहे हे ठाऊक असणे. महामारीच्या काळात मैदाने बंद पडली तेव्हा अवनीच्या घरीच लक्ष्य बसवून सराव चालू ठेवला गेला. नेमबाज छर्रा न भरताही सराव करतात. रायफल उचलावी, स्थिर करावी, श्वास सोडावा, घोडा दाबावा, रायफल खाली ठेवावी, आणि पुन्हा उचलावी. पाहणाऱ्याला त्यात काहीही दिसत नाही.

तिच्या शिक्षणात महाराष्ट्राचाही भाग आहे हे येथे नमूद करावेसे वाटते. अथेन्सच्या २००४ च्या ऑलिंपिकमध्ये अंतिम फेरीपर्यंत पोहोचलेल्या आणि नवी मुंबई परिसरात नेमबाज घडविणाऱ्या सुमा शिरूर ह्या तिच्या मार्गदर्शक झाल्या. प्रवासात आणि स्पर्धेत मातेची सोबत असे.

कोरोनामुळे वर्षभर पुढे गेलेली टोकियोची पॅरालिंपिक स्पर्धा २०२१ साली भरली. ३० ऑगस्ट रोजी अवनी पात्रता फेरीत उतरली आणि ६२१.७ गुण मिळवून सातवी आली. अंतिम फेरीत आठांनाच प्रवेश असतो. म्हणजे ती शेवटून दुसरी होती. परंतु ह्या खेळाचा एक नियम असा की अंतिम फेरीत सर्वांचे गुण पुन्हा शून्यापासून सुरू होतात. मागचे पुण्य पुढे येत नाही आणि मागचे ऋणही येत नाही. चोवीस नेमांच्या त्या फेरीत तिने २४९.६ गुण मिळविले, म्हणजे प्रत्येक नेमास सरासरी १०.४. चीनच्या जांग त्सुइपिंग हिला २४८.९ वर थांबावे लागले. तो गुणांक त्या वेळच्या जागतिक विक्रमाइतका होता आणि भारतीय स्त्रीने पॅरालिंपिकमध्ये मिळविलेले ते पहिले सुवर्णपदक होते. तेव्हा तिला वीस वर्षेही पूर्ण झाली नव्हती. चार दिवसांनी, ३ सप्टेंबर रोजी, पन्नास मीटर अंतरावरील तीन आसनांच्या प्रकारात तिने कांस्यपदकही मिळविले, आणि समारोपाच्या दिवशी देशाचा ध्वज तिच्या हाती होता.

येथून पुढे त्यांच्याविषयी आदरार्थी बहुवचन वापरणे योग्य होईल. २०२१ चा खेलरत्न पुरस्कार आणि २०२२ ची पद्मश्री हे मान त्यांना मिळाले. जून २०२२ मध्ये फ्रान्समधील शातोरू येथील स्पर्धेत त्यांनी २५०.६ गुणांचा नवा जागतिक विक्रम केला. राजस्थान विद्यापीठात त्यांनी विधिशास्त्राचा अभ्यास चालू ठेवला. दायविभागाच्या जुन्या निर्णयाने जिला निरंशक म्हटले असते ती कन्या कायदा शिकते, ही गोष्ट मिताक्षरेच्या अभ्यासकाला वाचून बाजूला ठेवता येत नाही.

पुढचा प्रसंग पॅरिसचा. तो थोडा सविस्तर पाहू. कारण दैव आणि यत्न यांविषयी आपल्या घरांत जे बोलले जाते त्याची येथे चांगली परीक्षा होते.

२०२४ च्या पूर्वार्धात श्रीमती लेखरा यांच्यावर पित्ताशयाची शस्त्रक्रिया झाली. सरावात खंड पडला, शक्ती उतरली. तशाही स्थितीत त्या पॅरिसला गेल्या आणि पात्रता फेरीत ६२५.८ गुणांसह दुसऱ्या आल्या. ३० ऑगस्ट २०२४ रोजी अंतिम फेरी झाली. टोकियोचे सुवर्ण मिळविले त्याला त्या दिवशी बरोबर तीन वर्षे झाली होती. एकेक स्पर्धक बाद होत शेवटी दोघी उरल्या, दक्षिण कोरियाच्या ली युन-री आणि अवनी. तेविसावा नेम झाला तेव्हा ली यांचे २४०.० गुण होते, अवनींचे २३९.२. आठ दशांशांचे अंतर आणि एकच नेम शिल्लक. ह्या पातळीवर एका नेमात आठ दशांश भरून काढणे सामान्यतः होत नाही. अवनींनी १०.५ चा नेम साधला. ली यांचा नेम ६.८ वर गेला. २४९.७ विरुद्ध २४६.८. सुवर्णपदक अवनींना मिळाले आणि पॅरालिंपिकचा विक्रमही झाला.

आता ह्यात दैव किती आणि यत्न किती? ली यांचा नेम चुकला नसता, त्यांना नेहमीसारखे दहाच्या वर गुण मिळाले असते, तर अवनींच्या १०.५ ला रौप्य मिळाले असते. तो १०.५ तेवढाच उत्तम राहिला असता. त्याच स्पर्धेत अवनींना दुसऱ्या प्रकारात पदक मिळाले नाही. तेथेही अभ्यास तोच होता. फळ आपल्या हाती नाही हे वचन आपण नेहमी अपयश आल्यावर समजूत घालण्यासाठी काढतो. जिंकणाऱ्यालाही ते तितकेच लागू आहे, हे क्वचित आठवते. शेवटच्या नेमाच्या वेळी अवनींच्या अधिकारात जे होते ते एवढेच, की आपली रायफल त्या अनुस्वाराएवढ्या ठिपक्यावर स्थिर धरावी. शेजारी काय होईल ते त्यांच्या अधिकारात नव्हते.

गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्माच्या सिद्धीची पाच कारणे सांगितली आहेत. त्यांत शरीररूपी आश्रय आहे, कर्ता आहे, साधने आहेत, नाना प्रकारचे यत्न आहेत, आणि पाचवे दैव आहे. दैव नाकारलेले नाही. पण ते पाचांतले एक आहे, आणि मोजताना शेवटी येते. आपल्या घरांत अपंग मूल जन्मले किंवा अपघाताने झाले की आपण मोजणी पाचव्यापासून सुरू करतो आणि तेथेच थांबतो. ‘पूर्वजन्मीचे भोग’ एवढे म्हटले की पुढील चार कारणांविषयी कोणी विचारीत नाही. मूल कर्ता होऊ इच्छिते का, हे विचारले जात नाही. साधन कोठे मिळेल, यत्न कोणता करावा, हे पाहिले जात नाही. जे घराने करावयाचे होते तेही प्रारब्धाच्या खात्यात टाकले जाते. शाळेला पायऱ्या आहेत म्हणून मूल घरी बसले, हे प्रारब्ध कसे? त्या पायऱ्या गवंड्याने बांधल्या.

हीच चूक युरोपातही होत होती, आणि ती प्रारब्धाचे नाव न घेता होत होती. मज्जारज्जू तुटलेल्या रुग्णाला बिछान्यावर निजवून ठेवावयाचे, गुंगीचे औषध द्यावयाचे आणि शय्याव्रणांनी त्याचा शेवट होण्याची वाट पाहावयाची, असा दुसऱ्या महायुद्धापर्यंतचा सर्वसाधारण प्रघात होता. जर्मनीतून परागंदा होऊन इंग्लंडात आलेले ज्यू वैद्य लुडविग गुटमान यांनी स्टोक मँडेव्हिल येथील रुग्णालयात तो मोडला. रुग्णाची कूस दर दोन तासांनी बदलावयाची, हा त्यांचा पहिला नियम. तो भरणाचाच भाग झाला, आणि त्याशिवाय पुढचे काही शक्य नव्हते. पण प्राण वाचल्यावर त्यांनी रुग्णांना कामाला लावले, खेळावयास लावले. २९ जुलै १९४८ रोजी लंडनच्या ऑलिंपिकचा आरंभ झाला त्याच दिवशी त्यांनी चाकांच्या खुर्चीत बसणाऱ्या सोळा स्त्रीपुरुषांची धनुर्विद्येची स्पर्धा रुग्णालयाच्या हिरवळीवर भरविली. १९६० साली रोम येथे जी स्पर्धा झाली ती पहिली पॅरालिंपिक मानली जाते. टोकियो आणि पॅरिस ही त्याच झाडाची फळे.

मराठी वाचकाला ह्या परंपरेतील एक नाव जवळचे असावयास हवे. सांगली जिल्ह्यातील पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर सैन्यात कारागीर होते आणि मुष्टियोद्धे होते. १९६५ च्या युद्धात त्यांना गोळ्या लागल्या आणि कमरेखालचे शरीर लुळे झाले. उपचाराचा भाग म्हणून त्यांना पाण्यात उतरविले गेले आणि त्यातून जलतरणपटू घडला. १९६८ साली ते तेल अवीव येथे टेबल टेनिस खेळले. क्रिकेटपटू विजय मर्चंट यांच्या साहाय्याने १९७२ साली ते जर्मनीतील हायडेलबर्गला गेले आणि पन्नास मीटर जलतरणात भारताचे पहिले पॅरालिंपिक सुवर्णपदक त्यांनी मिळविले. भालाफेक आणि चाकांच्या खुर्चीची वळणावळणाची शर्यत ह्यांतही ते उतरले होते. त्यांना पद्मश्री मिळाली २०१८ साली. हायडेलबर्गला तेव्हा शेहेचाळीस वर्षे होऊन गेली होती. पदकाचा वाटा त्यांनी स्वतः पोहून आणला. मानाचा वाटा द्यावयास देशाला जवळजवळ अर्धे शतक लागले. अवनींना पदक मिळाल्याच्या वर्षातच खेलरत्न मिळाले. एवढा पालट झाला आहे हे समाधानाने नोंदवावे.

तरीही एका गोष्टीची सावधगिरी बाळगावी. पदक मिळाले म्हणून अंश दिला, असे झाले तर तो अंश राहत नाही, ते पारितोषिक होते. धाकट्या मुलाला आपण शाळेत घालतो ते तो पहिला येईल ह्या अटीवर घालीत नाही. जगतपुऱ्याच्या मैदानावर २०१५ साली गेलेली मुलगी पुढे कोठे पोहोचेल हे तिच्या वडिलांना ठाऊक नव्हते. तिला काहीच जिंकता आले नसते, दर रविवारी ती तेथे जाऊन आठ-नऊ गुणांचे नेम मारून परत आली असती, तरी त्यांनी केले ते योग्यच ठरले असते.

पॅरिसच्या त्याच फेरीत कांस्यपदक मोना अग्रवाल यांना मिळाले. त्या मूळच्या सीकरच्या. तान्ह्या असतानाच पोलिओ झाला. गोळाफेक, भारोत्तोलन असे अनेक खेळ त्यांनी करून पाहिले आणि २०२१ च्या अखेरीस त्या जयपुरात नेमबाजीकडे वळल्या. तेव्हा त्या दोन मुलांच्या माता होत्या. संसार करणाऱ्या स्त्रीने मुले घरी ठेवून महिनोन्‌महिने सरावाला जावे, ह्यासाठी त्या घराने काय काय वाटून घेतले असेल, ह्याची कल्पना गृहस्थाश्रमी वाचकांना करता येईल. त्या दिवशी पदक देण्याच्या मंचावर राजस्थानच्या ह्या दोघी होत्या.

ज्यांच्या घरी असे मूल आहे, किंवा वार्धक्याने खुर्ची धरलेले माता-पिता आहेत, त्यांनी एकदा मोजपट्टी घेऊन घरातून फिरावे. खुर्ची दारातून जाते का, न्हाणीघरात वळते का, हे पाहावे. ज्यांच्याकडे खुर्ची आहे अशा घरांतूनही देवघराला बहुधा उंबरठा असतो आणि आरतीच्या वेळी ती व्यक्ती बाहेरच्या दालनातून टाळ्या वाजवीत असते. उताराचे प्रमाण एकास बारा धरतात. सहा इंचांच्या उंबरठ्यासाठी सहा फूट लांबीचा उतार लागतो. साधा सुतार तो लाकडी फळीचा करून देतो, आणि नको तेव्हा ती फळी उचलून भिंतीला टेकवून ठेवता येते.